मंजुरी कोणी दिली? डिरेक्टरीतल्या नावांचा माग काढताना

काम सांगितलं तेव्हा ते दोन ओळींचं वाटलं होतं. एका सहकारी बँकेचं कर्ज विभागाचं जुनं सॉफ्टवेअर आम्ही नव्या प्रणालीवर नेत होतो. जुन्या टेबलात ‘मंजुरी देणारा’ असा एक रकाना होता आणि त्यात प्रत्येक कर्जापुढे अधिकाऱ्याचं लॉगिन नाव होतं. ते जुन्या पद्धतीनं लिहिलेलं: आधी डोमेनचं, म्हणजे बँकेच्या नेटवर्कचं, छोटं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग माणसाचं नाव. नव्या प्रणालीला ईमेलसारखं दिसणारं, मधे ‘ॲट’चं चिन्ह असलेलं नाव हवं होतं. एका रूपातलं नाव दुसऱ्या रूपात नेऊन द्यायचं, एवढंच माझ्या वाट्याला आलं होतं.

मी रेघेवर स्ट्रिंग तोडली, उजवीकडचा तुकडा घेतला, त्याला ‘ॲट’ आणि बँकेचा पत्ता जोडला. वीस-पंचवीस नावांवर चालवून पाहिलं, सगळी बरोबर आली. शुक्रवारी संध्याकाळी पूर्ण यादी पाठवली. सोमवारी सकाळी बँकेच्या आयटी विभागातल्या मॅडमचा फोन आला. त्यांनी चूक वगैरे काही काढली नाही, फक्त विचारलं, “सर, ही नावं तुम्ही डिरेक्टरीला विचारून आणलीत की जोडून केलीत?”

जोडून केली होती. डिरेक्टरी म्हणजे बँकेतल्या सगळ्या लॉगिन खात्यांची मध्यवर्ती नोंदवही, तिला मी काही विचारलंच नव्हतं. आणि पुढचे जवळपास तीन महिने मी ‘जोडून’कडून ‘विचारून’कडे कसा आलो, त्याचीच ही हकीकत आहे.

मॅडमनी फोनवरच पहिलं उदाहरण दिलं. त्यांच्याकडे लॉगिन नाव ‘नाव, टिंब, आडनाव’ या रीतीनं बनतं. समजा नाव ज्ञानेश्वर आणि आडनाव देशपांडे. रोमन लिपीत ज्ञानेश्वरची अक्षरं ११, टिंब १, देशपांडेची ९. झाली २१. जुन्या पद्धतीच्या नावाला, म्हणजे डिरेक्टरीच्या भाषेत सॅम-अकाउंट-नेमला, माणसाच्या खात्यासाठी मर्यादा आहे २० अक्षरांची. त्यामुळे देशपांडेचा शेवटचा ‘ई’ गळतो. तेच आडनाव कुलकर्णी असतं तर ८ अक्षरांत भागलं असतं आणि नाव नेमकं २० मध्ये बसलं असतं. नव्या पद्धतीच्या नावात, ज्याला यूपीएन म्हणजे युजर प्रिन्सिपल नेम म्हणतात, ही अडचण नाही, तिथे देशपांडे पूर्ण लिहिलेलं. मी तुटलेल्या नावाला पत्ता जोडला होता, म्हणून असं नाव तयार झालं जे त्या बँकेत कोणाचंच नव्हतं. मराठी नावं लांब असतात. माझ्या वीस-पंचवीस नावांच्या चाचणीत एकही लांब नाव आलं नव्हतं, हा निव्वळ योग.

दुसरी गोष्ट पत्त्याची. बँकेचं आतलं डोमेन ‘लोकल’ या शेपटीचं होतं, बाहेरच्या इंटरनेटवर त्याला अर्थ नाही. ईमेल आणि बाहेरच्या सेवांसाठी वेगळी शेपटी लावलेली होती आणि काही जुन्या खात्यांना ती लावायची राहून गेली होती. काहींचा यूपीएनचा रकाना तर साफ रिकामा होता. अशा खात्याला लॉगिन करता येतं, कारण सॅम-अकाउंट-नेम आणि डोमेनचं डीएनएस नाव (टिंबांनी जोडलेलं लांब नाव) मिळून बनणारं रूप डिरेक्टरी स्वतःहून ओळखते. पण रकान्यात बघायला गेलं तर हाती काही लागत नाही.

इतकी रूपं आली कुठून, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही असं मी ठरवलं. विंडोज एनटीच्या काळात डोमेनची नावं छोटी, जास्तीत जास्त १५ अक्षरांची असत, आणि माणूस म्हणजे ‘डोमेन, रेघ, नाव’. विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली. तिचा पाया एलडॅपचा, म्हणजे डिरेक्टरीशी बोलायच्या एका ठरावीक पद्धतीचा, आणि एलडॅपमध्ये प्रत्येक गोष्टीला झाडातल्या जागेवरून नाव असतं: आधी माणूस, मग त्याचा विभाग, मग डोमेनचे तुकडे. याला डीएन म्हणतात. हेच उलट्या क्रमानं, फोल्डरच्या वाटेसारखं लिहिलं की कॅनॉनिकल नाव. त्याखेरीज लोकांना दाखवायचं डिस्प्ले नाव. जुनं नाव मोडीत काढलं असतं तर हजारो प्रोग्रॅम बंद पडले असते, म्हणून तेही ठेवलं. आजही खात्याच्या गुणधर्मांची खिडकी उघडली की त्या चौकटीपाशी ‘विंडोज २००० पूर्वीचं’ असं लिहिलेलं दिसतं.

गावाकडचा माणूस आठवावा. घरी तो बापू, शाळेत पाटील सर, सातबाऱ्यावर वडिलांच्या नावासकट पूर्ण, आणि टपाल यायचं तर ‘वरची आळी, मारुतीच्या देवळामागे’. बापूवरून सातबाऱ्यावरचं नाव तर्कानं काढता येत नाही. गावात ज्याला ठाऊक आहे त्यालाच विचारावं लागतं.

विंडोजमध्ये हे विचारायचं फंक्शन आहे: ट्रान्सलेटनेम. सेक्युर३२ नावाच्या डीएलएलमध्ये ते राहतं. त्याला नाव द्यायचं, ते कोणत्या रूपात आहे ते सांगायचं, कोणत्या रूपात हवं ते सांगायचं आणि उत्तरासाठी जागा द्यायची. ते डोमेन कंट्रोलरला, म्हणजे डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरला, विचारून येतं. रूपं आकड्यांनी सांगायची असतात, आणि इथेच माझा अर्धा दिवस गेला.

बँकेकडे आधीच्या कोणीतरी लिहिलेली एक व्हीबीस्क्रिप्ट होती. तीही हेच काम करायची, पण नेमट्रान्सलेट नावाच्या कॉम ऑब्जेक्टमधून, म्हणजे विंडोजच्या दुसऱ्या एका तयार घटकातून. तिच्यातले आकडे मी माझ्या सी-शार्पच्या कोडमध्ये उचलले. नावं इतकी सारखी, काम तेच, तेव्हा आकडेही तेच असतील असं मी धरून चाललो. पहिली चाचणी डीएनपासून केली. डीएनचा आकडा दोन्हीकडे १ आहे, त्यामुळे नाव लगेच ओळखलं गेलं आणि मी निर्धास्त झालो. यूपीएनसाठी ९ मागितला. उत्तर आलं, पण लॉग फाइलमध्ये ओळ मधेच तुटलेली दिसायची. एका ओळीत डोमेन आणि विभाग, पुढच्या ओळीत एकटं माणसाचं नाव. मला वाटलं लॉग लिहिणारा भाग बिघडलाय. मी तोच तपासत बसलो.

दोष लॉगमध्ये नव्हताच. ट्रान्सलेटनेममध्ये यूपीएनचा आकडा ८ आहे. ९ म्हणजे कॅनॉनिकल नावाचं एक वेगळं रूप, ज्यात शेवटच्या तिरक्या रेघेच्या जागी मुद्दाम नवी ओळ घातलेली असते. जुन्या ऑब्जेक्टमध्ये ९ म्हणजे यूपीएन, ८ म्हणजे ‘रूप माहीत नाही, तूच ओळख’. तिकडे २ म्हणजे कॅनॉनिकल आणि ३ म्हणजे जुनं लॉगिन नाव. इकडे २ म्हणजे जुनं लॉगिन नाव, ३ म्हणजे डिस्प्ले नाव. एकाच कंपनीनं एकाच कामासाठी दिलेले दोन रस्ते आणि मैलाचे दगड वेगळे. त्या दिवसापासून असे आकडे मी कोडमध्ये उघडे ठेवत नाही. प्रत्येकाला नाव देतो, आणि कोणत्या फंक्शनचा आकडा आहे ते त्या नावातच लिहितो.

दुसरा अडथळा आपल्या लिपीचा, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. काही शाखांनी डिस्प्ले नावं मराठीत भरली होती, याचा मला मनापासून आनंद झाला होता. पण माझ्या कोडमधून ती प्रश्नचिन्हं होऊन बाहेर पडत होती. ‘पाटील’ च्या जागी पाच प्रश्नचिन्हं. आधी मला पाच का हेच कळेना, कारण पाटील डोळ्याला तीन अक्षरांचं दिसतं. मग मोजलं: प, काना, ट, दीर्घ वेलांटी, ल. युनिकोडच्या हिशेबात पाच चिन्हं. म्हणजे डिरेक्टरीतून नाव नीट येत होतं आणि माझ्या दारात येऊन मरत होतं. सी-शार्पमधून असं बाहेरचं फंक्शन बोलावताना अक्षरसंच सांगितला नाही तर ते जुन्या अन्सी पद्धतीनं बोलावलं जातं, आणि विंडोजच्या अन्सी संचांमध्ये देवनागरीला जागाच नाही. घोषणेत ‘युनिकोड’ हा एक शब्द टाकला आणि पाटील परत आले. पडद्यावर ते नाव नीट उमटलं तेव्हा मी शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारून दाखवलं.

जागेचा हिशेबही तसाच. उत्तर किती मोठं येईल हे आधी माहीत नसतं. म्हणून पहिल्यांदा रिकाम्या हातानं विचारायचं, लागणारी लांबी घ्यायची, तेवढी जागा करून पुन्हा विचारायचं. ती लांबी बाइट्समध्ये नसून चिन्हांमध्ये असते आणि शेवटचं शून्यचिन्ह तिच्यात धरलेलं असतं. हे विसरलं की नावाच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह चिकटून राहतं, आणि मग दिसायला तंतोतंत सारखी दोन नावं तुलनेत जुळत नाहीत.

आता वेग. टेबलात लाखांनी ओळी होत्या. प्रत्येक ओळीला डोमेन कंट्रोलरकडे एक खेप घालणं शक्य नव्हतं, आणि गरजही नव्हती, कारण मंजुरी देणारे लोक मुळात काही शेच होते. आधी वेगळी नावं काढली. मग ट्रान्सलेटनेम सोडून विंडोजचंच दुसरं फंक्शन, डीएसक्रॅकनेम्स, घेतलं. त्यात एका खेपेत नावांची अख्खी यादी देता येते आणि प्रत्येक नावाचा निकाल वेगळा कळतो. ० म्हणजे मिळालं, २ म्हणजे सापडलं नाही, ३ म्हणजे एकाहून जास्त सापडली. ५ म्हणजे डोमेन ओळखलं पण माणूस मिळाला नाही. याद्यांची तपासणी करणारा चांगला कारकून जसा प्रत्येक नावापुढे शेरा मारतो, तसं हे. नावांचं काम करायचं असेल तर मी आता ट्रान्सलेटनेम फक्त एकट्या-दुकट्या नावासाठी वापरतो.

३ चा शेरा विशेषतः डिस्प्ले नावांवर आला. आस्थापना विभागाच्या यादीत फक्त डिस्प्ले नावं होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या बँकेत एकाच नाव-आडनावाचे तीन जण असणं यात नवल काहीच नाही. डिरेक्टरी डिस्प्ले नाव एकमेव असावं असा आग्रह धरत नाही. तीन पाटलांमधून पहिला उचलावा असा मोह कोडला होऊ शकतो, आणि मंजुरीच्या कामात तसं करणं म्हणजे एकाची सही दुसऱ्याच्या नावावर चढवणं. ती सगळी नावं मी बाजूला काढली आणि माणसांकडून तपासून घेतली.

५ चा शेरा आला तो दुसऱ्या बँकेमुळे. काही वर्षांपूर्वी एक छोटी बँक या बँकेत विलीन झाली होती. तिचं वेगळं डोमेन अजून जिवंत होतं, दोन्हींमध्ये ट्रस्ट, म्हणजे एकमेकांची खाती मानायचा करार, केलेला होता. त्या डोमेनला थेट विचारायचं तर त्याचं डीएनएस नाव हवं. छोट्या नावावरून ते काढायला मी पुन्हा अंदाज केला: डीएनएस नावाचा पहिला तुकडा तेच छोटं नाव. बहुतेक ठिकाणी तसं असतंही. इथे छोटं नाव गावाचं होतं आणि डीएनएस नाव बँकेच्या आद्याक्षरांचं. दोघांचा संबंध डिरेक्टरीत लिहिलेला असतो. त्या डोमेनच्या डिरेक्टरीच्या कॉन्फिगरेशन भागात ‘पार्टिशन्स’ नावाचा कप्पा आहे, त्यात तिथल्या प्रत्येक डोमेनची एक क्रॉसरेफ नोंद असते आणि तिच्यात छोटं नाव व डीएनएस नाव शेजारी शेजारी मिळतात. मॅडमना हे सांगायला फोन केला तर त्या म्हणाल्या, “म्हणजे यावेळी विचारून.” हो, यावेळी विचारून.

नवी प्रणाली लिनक्सवर चालणार होती, आणि रोजच्या वापरात तिलाही हे रूपांतर लागणार होतं. तिथे ना ट्रान्सलेटनेम ना डीएसक्रॅकनेम्स. तिथे थेट एलडॅपनं शोधावं लागतं: सॅम-अकाउंट-नेम अमुक असलेलं खातं दे, त्याचे बाकीचे रकाने दे. अनेक डोमेन असतील तर नेहमीच्या ३८९ ऐवजी ३२६८ पोर्टवर ग्लोबल कॅटलॉगला (सगळ्या डोमेनच्या एकत्र सूचीला) विचारायचं, म्हणजे पूर्ण फॉरेस्टमधून, एका डिरेक्टरीतल्या सगळ्या डोमेनमधून, उत्तर येतं. दिसायला सोपं. पण शोधाची ओळ कंसांत लिहायची असते, आणि आमच्या यादीत डिस्प्ले नावांच्या पुढे ‘(निवृत्त)’, ‘(प्रभारी)’ असे शेरे होते. नावातला कंस शोधाच्या कंसात मिसळला आणि सगळी ओळच बिघडली. आरएफसी ४५१५ या इंटरनेटच्या नियमपत्रात याचा उपाय दिला आहे. उघडता कंस हवा तर उलटी रेघ आणि २८, बंद कंसाला २९, चांदणीला २ए, आणि खुद्द उलट्या रेघेला ५सी. हे काटेकोर न केल्यास फक्त चुका होतात असं नाही. कोणी मुद्दाम नावात चांदणी टाकली तर शोध भलत्याच खात्यांना जाऊन लागतो. बँकेत हे चालत नाही.

डीएनचे नियम त्याहून वेगळे, आरएफसी ४५१४ चे. तिथे स्वल्पविराम हा सांधा असतो. ज्या शाखांनी ‘आडनाव, नाव’ असं भरलं होतं त्यांच्या डीएनमध्ये नावातल्या स्वल्पविरामाआधी उलटी रेघ येत होती. मी स्वल्पविरामावर डीएन तोडून पहिला तुकडा माणूस म्हणून घेत होतो. त्यामुळे ‘आडनाव आणि शेवटी एक लोंबती रेघ’ असा माणूस तयार व्हायचा. तोडणं सोडून दिलं. माणसाचं नाव हवं असेल तर नावाचाच रकाना मागायचा, डीएन ही जागा सांगणारी गोष्ट आहे. खातं एका विभागातून दुसऱ्यात हलवलं की डीएन बदलतो. बँकेत बदल्या तर दर वर्षी होतात.

इथवरच्या सगळ्या चुका ओरडून सांगणाऱ्या होत्या. काहीतरी सापडलं नाही, काहीतरी तुटलं, प्रश्नचिन्हं आली. पुढच्या दोन गोष्टींमध्ये कोड गप्प बसून चुकत होता, आणि त्यांनीच माझी झोप उडवली.

एका शाखेतल्या अधिकारी बाईंचं लग्न झालं. आडनाव बदललं, मधलं नाव वडिलांच्या जागी नवऱ्याचं झालं, त्याप्रमाणे त्यांनी अर्ज देऊन लॉगिन नावही बदलून घेतलं. डिरेक्टरीत बदल झाला होता, मी डोळ्यांनी पाहिला. तरी आमचा चाचणी सर्व्हर त्यांचं नाव जुनंच दाखवत राहिला. त्या भागात मी एसआयडीवरून नाव काढत होतो. एसआयडी म्हणजे खात्याचा सुरक्षा क्रमांक, नाव बदललं तरी न बदलणारा. रीत बरोबर होती, मग उत्तर जुनं का? विंडोजचा प्रत्येक सर्व्हर अशा जोड्या स्वतःजवळ काही काळ साठवून ठेवतो, दर वेळी डोमेन कंट्रोलरला त्रास नको म्हणून. साठ्यात त्यांचं माहेरचं नाव बसलेलं होतं. या साठ्याचा आकार रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, ‘एलएसए-लुकअप-कॅश-मॅक्स-साइझ’ या नोंदीनं ठरवता येतो, शून्य केला की साठवणं बंद. पूर्ण वेळ बंद ठेवणं मला योग्य वाटलं नाही, कारण त्यानं कंट्रोलरवरचा भार वाढतो. आम्ही रूपांतराच्या कामापुरतं बंद केलं आणि रोजच्या वापरात नावासाठी एलडॅपला थेट विचारायचं ठरवलं. त्या बाईंना भेटलो तेव्हा त्या म्हणाल्या की रेशनकार्ड, पॅन, बँकेचं स्वतःचं खातं सगळीकडे फेऱ्या मारून झाल्यात, निदान ऑफिसच्या पडद्यावर तरी नवं नाव लवकर दिसू दे. ते दिसेपर्यंत मी त्या शाखेतून हललो नाही.

दुसरी गोष्ट याच्या उलट. माणूस तोच आणि नाव बदललेलं, असं नव्हे. नाव तेच आणि माणूस वेगळा.

सगळं रूपांतर संपलं होतं, निकाल सगळीकडे ०. मी शेवटची नजर फिरवत होतो आणि एका अधिकाऱ्याच्या नावावर अशा तारखांच्या मंजुऱ्या दिसल्या ज्या खूप जुन्या होत्या. सहज म्हणून डिरेक्टरीतून त्याचं खातं केव्हा तयार झालं तो रकाना काढला. खातं तयार झालं त्याच्या कितीतरी वर्षं आधीच्या मंजुऱ्या त्याच्या नावावर होत्या. तो कदाचित तेव्हा कॉलेजात असेल. त्याच आद्याक्षराचा आणि आडनावाचा एक अधिकारी आधी बँकेत होता, तो निवृत्त झाला, त्याचं खातं काढून टाकलं आणि मोकळं झालेलं लॉगिन नाव नव्या माणसाला मिळालं. मी डिरेक्टरीला नाव विचारलं होतं आणि तिनं खरं उत्तर दिलं होतं, पण आजचं. माझा प्रश्न त्या दिवसाचा होता. उद्या एखादं कर्ज थकलं, चौकशी लागली, तर ज्यानं ते प्रकरण कधी पाहिलंही नाही त्याचं नाव पुढे आलं असतं.

रात्री घरी जाऊन मी सगळ्या नावांची पडताळणी लावली: मंजुरीची तारीख आणि खातं तयार झाल्याची तारीख. मूळ बँकेच्या बाबतीत ही चाळणी चांगली लागू पडली. विलीन झालेल्या बँकेच्या ज्या लोकांची खाती मोठ्या डोमेनमध्ये हलवली होती, त्यांची तयार झाल्याची तारीख मात्र हलवल्याच्या दिवसाची. तिथे सगळेच संशयित ठरू लागले. त्यांच्यासाठी एसआयडी-हिस्टरीचा रकाना कामी आला. खातं हलवताना जुना क्रमांक त्यात जपता येतो आणि ज्यानं ते काम केलं त्यानं तो खरोखर जपला होता. त्या अनोळखी माणसाचे मी मनोमन आभार मानले.

पण जुन्या क्रमांकाशी जुळवायचं कशाला? टेबलात तर फक्त नावं. मग मी जुन्या सॉफ्टवेअरची बाकीची टेबलं एकेक उघडून पाहिली. लॉगिनच्या टेबलात एक द्विमान (बायनरी) रकाना होता, कुठल्याच कागदपत्रात त्याचा उल्लेख नाही. प्रत्येक ओळीत २८ बाइट. सोळाच्या पायावर बघितलं तर सगळ्यांची सुरुवात सारखी: ०१, ०५, मग पाच शून्यं, मग ०५, मग १५ आणि पुन्हा तीन शून्यं. पहिला १ म्हणजे आवृत्ती. ५ म्हणजे पुढे पाच घटक आहेत. नंतरच्या सहा बाइटमध्ये अधिकारसंस्था ५. आणि सोळाच्या पायावरचे १५ म्हणजे आपले २१. एस-१-५-२१. हे एसआयडी होते! पुढचे तीन घटक डोमेनचे, शेवटचा खात्याचा. कोणीतरी वर्षांपूर्वी, माणूस पहिल्यांदा लॉगिन करताना त्याचा क्रमांक गुपचूप टिपून ठेवायची सोय केली होती, त्या दिवसाच्या तारखेसकट. जिथे तो क्रमांक होता तिथे नावावर विसंबायची गरजच उरली नाही. त्या दोन अधिकाऱ्यांचे क्रमांक शेजारी ठेवले तर डोमेनचे घटक सारखे आणि शेवटचा वेगळा. एका नावाची दोन माणसं तिथे सुटी झाली.

निवृत्त अधिकाऱ्याच्या क्रमांकावरून नाव मात्र मिळालं नाही. काढून टाकलेलं खातं डिरेक्टरीत काही काळ राहतं, हल्लीच्या फॉरेस्टमध्ये मूळ ठरवलेली मुदत १८० दिवसांची. ती कधीच उलटून गेली होती. क्रमांक विचारला की ‘ओळख जुळत नाही’ एवढंच येई. असे आणखी काही क्रमांक निघाले.

अंतिम टेबल मी असं ठेवलं: मूळ नाव जसंच्या तसं, एका अक्षराचाही बदल न करता. त्याशेजारी एसआयडी, मिळाला तर खात्याचा जीयूआयडी (डिरेक्टरीनं दिलेला एकमेव ओळख क्रमांक), आजचा यूपीएन, रूपांतराची तारीख, आणि ओळख कशावरून पटली. ज्यांची पटली नाही त्यांचे रकाने रिकामे. प्रकल्पाच्या बैठकीत एकानं सुचवलं की रिकामे अहवालात बरे दिसत नाहीत, तिथे आजच्या नावावरून भरून टाकू. मी नाही म्हटलं, आणि मॅडमनी माझी बाजू घेतली.

त्या रिकाम्या ओळी छापून आम्ही दोघं शाखांमध्ये गेलो. एका शाखेत व्यवस्थापक साहेबांनी लोखंडी कपाटातून कापडी बांधणीचं मंजुरी रजिस्टर काढलं. धूळ झटकून पानं उलटली, तारीख आणि कर्ज क्रमांक जुळवला. हिरव्या शाईत पूर्ण नाव, हुद्दा आणि सही. मॅडम नाव वाचत गेल्या, मी लॅपटॉपवर तो क्रमांक शोधून त्यापुढे लिहीत गेलो, आणि ‘ओळख कशावरून पटली’ या रकान्यात टाकलं: मंजुरी रजिस्टर, पान क्रमांकासह.